झाडूबस

टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसल्या बसल्या क्लचबाई सारखा ब्रेक दाबत होत्या. मागच्या सीटला ब्रेक नसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण सगळी हयात ड्रायव्हिंग शिकवण्यात गेलेली. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकने नि जादा क्लचने त्याचा, आपला आणि रस्त्यावरच्या उरलेल्या जनतेचा जीव वाचवायचा, हा त्यांचा धंदा. तेव्हा पुढचा ट्रक जरा जवळ आला की पाय खाली जायचाच. जित्याची खोड, दुसरं काय.

“आई, पायात गोळा आलाय का?” शेजारी बसलेल्या जावयाने काळजीने विचारलं. उद्या याच पायांनी मॅरेथॉन पळायची होती.

“गोळा नाही, जावईबापू. हे गृहस्थ वळताना इंडिकेटर देत नाहीत.”

टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा पाहिलं. त्यानंतर हॉटेल येईपर्यंत त्याने प्रत्येक वळणावर इंडिकेटर दिला आणि एकदोन ठिकाणी वळण नसतानाही दिला. उतरताना बाई म्हणाल्या, “गाडी छान ठेवलीय तुम्ही,” तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

क्लचबाई हे नाव शिष्यांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. नवरा-बायकोचं मिळून ड्रायव्हिंग स्कूल. नवऱ्याने ऑफिस सांभाळायचं आणि बाईंनी रस्ता. इतक्या वर्षांत त्यांच्या शहरातला निम्मा तरी गाडीवाला त्यांच्या हाताखालून गेला होता. पहाटे बाई पळायला निघाल्या की समोरून येणारी माणसं घाईघाईने पट्टे लावत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवत. एका बँक मॅनेजरने तर त्यांना पाहून, काही कारण नसताना, गाडी बाजूला घेऊन थांबवली होती.

या शहरात मात्र त्यांना कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. इथे आपण नुसत्या एक पळणाऱ्या बाई, या विचाराने त्यांना फार हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यासाठीच त्या इतक्या लांब आल्या होत्या.

घरच्यांच्या हिशेबी ही त्यांची दुसरी मॅरेथॉन होती. पहिली गेल्या वर्षी आपल्याच शहरात झाली, आणि तिचं मेडल ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात, परवान्याच्या फ्रेमशेजारी, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असं लटकत होतं. फक्त ती मॅरेथॉन बाईंनी पुरी केलेली नव्हती.

त्याचं असं झालं होतं. शर्यतीच्या शेवटी एक बस असते. ठरलेल्या वेगाने ती मागून येते आणि जे मागे पडले त्यांना गोळा करत जाते. पळणारे तिला झाडूबस म्हणतात. बसने गाठलं की खेळ खलास, नंबर काढून द्यायचा आणि निमूट आत बसायचं. गेल्या वर्षी बाईंना बसने गाठलं. खिडकीचा पडदा ओढून त्या आत बसल्या, कारण बाहेर चौकाचौकात शिष्य उभे होते. बसने सगळ्यांना मैदानामागे उतरवलं, आणि तिथून बाहेर पडायची वाट नेमकी मेडलवाल्यांच्या रांगेतून जात होती. तिथल्या एका उत्साही मुलीने बाई काही बोलायच्या आत त्यांच्या गळ्यात मेडल घातलं. बाई ते काढायला गेल्या तर समोर कठड्यापलीकडे नवरा उभा, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागलेली. हा माणूस लेकीच्या लग्नातही रडला नव्हता.

संध्याकाळी सांगू, असं बाईंनी ठरवलं. संध्याकाळी शेजारीपाजारी अभिनंदनाला आले. मग उद्या सांगू, मग परवा. तेवढ्यात नवऱ्याने भिंतीत खिळा ठोकलासुद्धा. तेव्हापासून बाई ऑफिसात शिरल्या की त्या भिंतीकडे पाठ होईल अशाच बसत. जावई त्या वेळी गुडघा बांधून घरी पडला होता, त्यामुळे तोही अंधारात. उद्या एकदा स्वतःच्या पायांनी शेवटची रेघ ओलांडली की ते मेडल खरं होईल, निदान त्याच्याकडे बघवेल तरी, असा बाईंचा हिशेब होता.

हॉटेलची खोली स्वच्छ आणि चिमुकली होती. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. बाईंनी उद्याचे कपडे खुर्चीवर मांडले, टी-शर्टवर पिनांनी नंबर लावला, तो तिरका वाटला म्हणून परत लावला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

“जेवलीस का? आज नवीन तिघं आले शिकायला. त्यांना मेडल दाखवलं. म्हटलं, आमच्या बाई शिकवतात तशाच पळतात, मध्येच बंद पडत नाहीत.”

बाईंनी नंबराची पिन उगाच पुन्हा काढली. “अहो, कशाला सगळ्यांना दाखवत बसता?”

“का? उसनं आणलंय का?” नवरा हसला. “झोप आता लवकर.”

त्या लवकर आडव्या झाल्या, पण झोप कसली येतेय.

सकाळी मैदानावर माणसांचा पूर आला होता. जो तो वाकत होता, ताणत होता, उगाच उड्या मारत होता. जावई दातांचा डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हत्यारं असताना त्याला प्रश्न विचारायची त्याची धंद्यातली सवय पळतानाही सुटत नसे.

“आई, श्वास कसा आहे?” पहिल्या चढावर त्याने विचारलं.

बाईंनी मान हलवली.

“म्हणजे चांगला की वाईट?”

बाईंनी परत मान हलवली.

“तुमच्या लेकीला फोन करून सांगू का काही? संध्याकाळच्या गाडीने निघायचं की उद्याच्या?”

“जावईबापू,” बाई सपाटीवर आल्यावर म्हणाल्या, “तुम्ही पुढे व्हा. तुमच्या पायांत दम आहे, माझ्यापायी पहिल्या गिअरमध्ये कशाला फिरताय? आणि मला उत्तरं द्यायला श्वास पुरत नाही.”

जावयाला ते पटलं नाही, पण सासूने सांगितलं म्हणून तो गेला. तीन वेळा मागे वळून पाहिलं, मग गर्दीत मिसळला.

बाई एकट्या पळू लागल्या आणि त्यांना मजा वाटायला लागली. अनोळखी शहर पळत बघण्यात एक गंमत असते. कोणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय, कुठल्या दुकानाची पाटी वाकडी आहे, सगळं दिसतं आणि कशाचीच जबाबदारी आपल्यावर नसते. एक आजोबा पायजम्यावर दारात उभे राहून प्रत्येकाला “शेवटचाच चढ” असं सांगत होते. तो शेवटचा चढ नव्हता, पुढे आणखी पाच होते. पण आजोबांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की बाईंनी त्यांचे आभार मानले.

अर्धं अंतर मजेत गेलं. पाऊण अंतर सोसत गेलं. त्यानंतर मात्र मांड्यांनी असहकार पुकारला. गर्दी विरळ झाली, मग तुरळक झाली, आणि मग बाईंच्या पुढेही कोणी दिसेना आणि मागेही. शेजारून सायकलवरून एक शिट्टीवाला चालला होता. शेवटच्या पळणाऱ्याबरोबर राहायचं हे त्याचं काम, म्हणजे शेवटचं कोण हे विचारायचीही सोय राहिली नाही.

“मस्त चाललंय, बाई. असाच वेग ठेवलात तर बस मागेच राहील,” तो म्हणाला.

तेव्हाच बाईंना मागून बसचा आवाज आला. आणि तो ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे, बसचा ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून गाडी चालवत होता. घुर्रर्र, मग हिसका, मग परत घुर्रर्र.

“कोण आहे हो हा?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“नेहमीचा आजारी पडला. हे एरवी विमानतळावरच्या बसवर असतात. तिथे आपोआप गिअर पडतात म्हणे. ही जुनी गाडी आहे.”

“प्लेटा जळतील. त्यांना सांगा, क्लचवरून पाय काढा.”

“तुम्ही पळा, बाई.”

बाई पळत राहिल्या. पण पुढे जाताना कान मागेच. कोणाचं काय, तर कोणाचं काय. माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात, बाई “सोडा, सोडा, पूर्ण सोडा” असं पुटपुटत होत्या. समोर उड्डाणपूल आला. तो चढून उतरलं की पुढचा रस्ता सपाट, आणि मग मैदान. घोडामैदान अगदी जवळ आलं होतं. बाई पूल निम्मा चढल्या आणि मागे बसने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

“पळा,” शिट्टीवाला म्हणाला. त्याचे डोळे चमकले. “बंद पडलीय. आता कोण गाठतंय तुम्हाला.”

आयतं दान पडलं होतं. बाईंनी पावलं उचलली. मागे स्टार्टर कुरकुरला, इंजिन लागलं, बस हातभर मागे घसरली आणि परत बंद पडली. पुन्हा तेच. बसमधली दमलेली माणसं एका सुरात “अरे अरे” करत होती. बसच्या अगदी मागे रुग्णवाहिका उभी होती आणि ती जोरजोरात हॉर्न वाजवत होती. तिच्यामागे पाण्याचा टँकर, म्हणजे तिला मागे सरकायला जागा नव्हती. तिसऱ्या वेळी बस रुग्णवाहिकेपासून वीतभर अंतरावर थांबली.

बाई चढाच्या माथ्यावर पोचल्या होत्या. पुढे नुसता उतार होता. त्या थांबल्या, एक शब्द पुटपुटल्या जो त्यांनी कुठल्याही शिष्यासमोर कधी उच्चारला नव्हता, आणि उलट्या फिरल्या. ज्या बसपासून जीव तोडून पळत होत्या, तिच्याकडेच.

“अहो, उलट कुठे?” शिट्टीवाला ओरडला.

ड्रायव्हर पन्नाशीचा, चांगला धिप्पाड माणूस होता. त्याचं कपाळ घामाने निथळत होतं. बाईंनी खिडकीखाली उभं राहून काचेवर टकटक केलं.

“पायातला ब्रेक दाबून ठेवा. हातब्रेक ओढा आधी.”

“बटण सापडत नाहीये, बाई.”

“बटण नाही या गाडीला. सीटच्या बुडाशी दांडा आहे. हं. ओढा. आणखी. आता पाय काढला तरी गाडी जाणार नाही. काढून बघा.”

त्याने डोळे मिटून पाय काढला. बस जागची हलली नाही. आतून कोणीतरी टाळी वाजवली.

“वर या ना, बाई,” शिट्टीवाला म्हणाला. “आत उभं राहून नीट सांगता येईल.”

“आत पाय ठेवला की मी बाद. मी खालूनच सांगते.” शेळ्या उंटावरून हाकता येतात, इथे तर उंटच हाकायचा होता, तोही जमिनीवरून. “पहिला गिअर. आता क्लच हळू वर. घाई नाही. इंजिनाचा आवाज जड होईल, गाडीचं नाक उचलल्यासारखं वाटेल, तिथे पाय थांबवा.”

आवाज जड झाला आणि बस बंद पडली. मागे पुन्हा हॉर्न. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

“एवढी वर्षं गाडी चालवतोय,” तो हळूच म्हणाला. “एवढ्या लोकांसमोर लाज गेली माझी.”

हे वाक्य बाईंनी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचं उत्तर त्यांच्या जिभेवरच असायचं. “बंद पडण्यात लाज नाही. सगळ्यांची पडते. पडली म्हणायचं आणि परत चालू करायची. बंद पडलेली गाडी चालू आहे असं दाखवत बसतो त्याचं काही खरं नाही.”

बोलून गेल्या, आणि त्यांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्या क्षणभर खिडकीला धरून तशाच उभ्या राहिल्या. एवढं अंतर पळून जे कळलं नव्हतं ते या बंद बसपाशी कळलं होतं. आज त्या पहिल्या आल्या असत्या तरी ऑफिसातलं मेडल खरं होणार नव्हतं.

“बाई?” ड्रायव्हरने विचारलं. “आता?”

“आता परत,” बाई म्हणाल्या. “आवाज जड झाला की थोडा अॅक्सिलरेटर, आणि मग दांडा खाली. माझ्याकडे नाही, रस्त्याकडे बघा.”

बस एकदा थरथरली आणि हळूच, शहाण्या म्हशीसारखी, चढ चढू लागली. आतल्या लोकांनी जल्लोष केला. बाई खिडकीबरोबर लंगडत पळत होत्या. माथ्यावर आल्यावर ड्रायव्हरने खाली पाहिलं.

“बाई, तुम्ही पुढे व्हा. मी हळूच आणतो मागून. कोणाला कळतंय?”

शिट्टीवाल्याने घड्याळात पाहिलं आणि मग आभाळात पाहिलं. म्हणजे त्याचीही हरकत नव्हती.

मैदान इतकं जवळ होतं. पण बसमागे रुग्णवाहिका होती, रस्ता मोकळा करायची वेळ उलटून गेली होती, आणि दुसरंही एक मेडल असंच घरी न्यायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

“रस्ता अडवायचा नाही,” त्या म्हणाल्या. “दुसरा गिअर टाका. इंडिकेटर द्या. आणि मला ओव्हरटेक करा.”

ड्रायव्हरने इंडिकेटर दिला. बस त्यांच्याशेजारून गेली तेव्हा खिडक्यांतून हात हलत होते. बाईंनी पिना काढल्या, नंबर शिट्टीवाल्याच्या हातात दिला आणि फुटपाथवर चढल्या.

“आता कुठे?” त्याने विचारलं.

“राहिलंय ते पळते. फुटपाथवर तर बंदी नाही ना?”

पुढचं अंतर ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात विचित्र दौड होती. रस्ता वाहनांना खुला झाला. बाई पिशव्या घेऊन चाललेल्या बायकांमधून, बाबागाड्यांमधून, कुत्री फिरवणाऱ्यांमधून वाट काढत पळत होत्या आणि प्रत्येक सिग्नलला बाकीच्या नागरिकांबरोबर शिस्तीत थांबत होत्या. एका थांब्यावर एका आजींना त्यांची कीव आली.

“कुठली बस चुकली गं, बाई?”

“झाडूबस, आजी.”

“दुसरी येईल हो,” आजी म्हणाल्या. बाई इतक्या हसल्या की बरगडीत चमक भरली.

मैदानावर आवराआवर चालली होती. कठडे ट्रकमध्ये चढत होते, घड्याळ बंद होतं, आणि शेवटच्या रेघेवरची हवा भरलेली मोठी कमान अर्धी खाली बसली होती. तिचा एक पाय जावयाने खांद्यावर तोलून धरला होता आणि तो पंपवाल्याशी हुज्जत घालत होता. “पाच मिनिटं. माझ्या सासूबाई यायच्यात अजून.”

“मघापासून पाचच मिनिटं चालली आहेत, साहेब.”

बाई वाकून त्या लोळत्या कमानीखालून गेल्या. रेघ पुसट झाली होती, तरी त्यांनी ती नीट बघून ओलांडली. जावयाने कमान सोडली आणि ती फुस्स करून पडली. त्याने त्यांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या छातीवर नंबर नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, स्वतःच्या गळ्यातलं मेडल काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

“घ्या, आई. माझ्याकडे ढीगभर आहेत. बाबा वाट बघत असतील. कोणाला काय कळतंय?”

आज हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकू आलं होतं. बाईंनी ते मेडल त्याच्या गळ्यात परत घातलं आणि गेल्या वर्षीची सगळी हकिकत त्याला सांगितली, पडद्यासकट. जावयाने एकही प्रश्न विचारला नाही. त्याने नुसता फोन काढून त्यांच्या हातात दिला.

पहिल्याच घंटेला नवऱ्याने उचलला. “झाली का?”

“अहो, आधी ऐका. ऑफिसातलं ते मेडल काढून ठेवा.”

“का गं?”

“ते माझं नाही. गेल्या वर्षी मी बसमधून आले. मला गाठलं होतं. त्या मुलीने चुकून घातलं गळ्यात आणि तुम्ही रडत होता. मला बोलताच आलं नाही. मग रोज बोलायचं राहत गेलं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं वाजली, भिंतीवर काहीतरी खरवडलं. बाईंनी फोन कानावर इतका घट्ट धरला की कान दुखायला लागला.

“वर्षभर एकटीच घेऊन फिरलीस हे?” नवरा शेवटी म्हणाला.

“हो.”

“मला वाटायचं, तू या भिंतीकडे पाठ करून बसतेस ती उन्हामुळे. आणि आज? आजही बसमधून?”

“नाही. आज पायांनी. पण वेळ संपून गेली होती. आज काही मिळालं नाही.”

“पण पूर्ण केलीस?”

“पूर्ण केली.”

“बरं,” नवरा म्हणाला. “मेडल काढलंय मी. टेबलाच्या खणात टाकतो. खिळा राहू देतो.”

बाईंना रडू फुटलं. भर मैदानात, घामेजलेल्या बाह्यांनी डोळे पुसत, लहान मुलीसारख्या त्या हमसून हमसून रडल्या, आणि जावई शेजारी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की काही नाही, आमच्या आईंनी आत्ताच पहिली मॅरेथॉन पुरी केलीय.